शॉकपचं सील आणि पंधरा वर्षांची गाडी

पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिल २०२४ ला, गाडी धुताना पुढच्या चाकापाशी तेलाचं कडं पहिल्यांदा दिसलं. पुढच्या शॉकपचा चकचकीत पाइप खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत शिरतो, तिथून तीन बोटं वर पाइपभोवती तेलकट धुळीची बारीक काळी रेघ होती. दुसऱ्या दिवशी गाडीला हार घालायचा होता म्हणून जरा जास्तच घासून पुसली. पाडव्याला संध्याकाळी अण्णांना मागे बसवून कोरेगाव रोडला एक चक्कर मारून आले, तर रेघ पुन्हा हजर.

गाडी अण्णांची. बजाज पल्सर १५०, २००९ ची, एमएच ११. अण्णांचे गुडघे गेल्यापासून मी चालवते. साताऱ्यात आम्ही राहतो आणि यवतेश्वरचा घाट चढून पलीकडे माझी शाळा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या रस्त्यावर धुकं, पाऊस आणि लाल चिखल असतो. रोज चढायचं, रोज उतरायचं. त्यामुळे पुढच्या चाकाचा प्रश्न माझ्यासाठी छोटा नव्हता.

मला तेव्हा एवढंच हवं होतं की शॉकपमधलं तेल आत धरणारं रबरी सील आत्ता बदलायचं की थोडे दिवस चालेल, हे कुणीतरी कारणासकट सांगावं. सल्ले भरपूर मिळाले, कारण कुणीच सांगितलं नाही. म्हणून पुढच्या चार महिन्यांत काय झालं ते तारखांसकट लिहून ठेवतेय.

आधी मला जे समजून घ्यावं लागलं ते सांगते. पुढच्या प्रत्येक शॉकपमध्ये एक स्प्रिंग आणि तेल असतं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. तेल बारीक भोकांतून ये-जा करतं आणि स्प्रिंगला आवर घालतं. तेल कमी झालं की खड्ड्यातून निघाल्यावरही चाक नाचत राहतं आणि ब्रेक दाबला की गाडी पटकन नाक खाली टाकते. ते तेल आत ठेवायचं काम रबराच्या एका कड्याचं, म्हणजे ऑइल सीलचं. त्याची ओठासारखी कड पाइपला चिकटून असते आणि ती घट्ट धरायला आत एक केसाएवढी बारीक गोल स्प्रिंग असते. सीलच्या वर धूळ अडवायला डस्ट सील बसवलेलं असतं. आपल्याला बाहेरून दिसतं ते हे डस्ट सील.

आता सगळ्यांत उपयोगी पडलेली परीक्षा. पाइप कोरड्या सुती फडक्याने लख्ख पुसायचा. गाडी स्टँडवरून काढून पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि हँडलवर भार देऊन शॉकप दहा-बारा वेळा पूर्ण दाबायचा. मग बोट फिरवून बघायचं. बोटाला नुसती चमक लागली, थेंब धरला नाही, तर काळजी नको. चांगलं सीलसुद्धा पाइपवर तेलाचा पातळ हात सोडतंच. गोल रेघ उमटली तर लक्ष ठेवायची वेळ आली. आणि रेघेतून खाली ओघळ निघाला तर सील तेल धरत नाहीये. माझ्याकडे ८ एप्रिलला रेघ होती, ओघळ नव्हता, आणि तीही फक्त डिस्क ब्रेकची चकती नसलेल्या बाजूला.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांनी लांबूनच बघून सांगितलं, "ताई, शॉकप लीक मारतोय. सील टाकून घ्या." दुसऱ्या एकांनी सांगितलं, "जुनी गाडी आहे, चालू द्या, काय होत नाय." तिसऱ्यांनी पुढचा अख्खा सेटच बदलायला सांगितला आणि चार आकडी रक्कम ऐकवली. तिघांपैकी कुणीही पाइपला हात लावला नव्हता. आता मागे वळून बघते तेव्हा हीच गोष्ट खटकते.

१४ एप्रिलला रविवार होता. सीलच्या ओठाखाली वाळूचा कण अडकला तरी तेल सुटतं आणि अशा वेळी सील न बदलता नुसता कण काढून काम भागू शकतं, असं वाचलं होतं. त्यासाठी पातळ, लवचीक आणि गुळगुळीत कडेची पट्टी लागते. कॅमेऱ्याची जुनी फिल्म चालते म्हणे. ती नव्हती, पण अण्णांच्या गुडघ्यांचे एक्स-रे होते. त्यांना विचारून एका जुन्या एक्स-रेची बोटभर रुंद पट्टी कापली, टोकाला छोटा आकडा ठेवला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून डस्ट सील अलगद वर उचकटलं. त्याच्या खाली लाल मातीचा ओला गाळ बसला होता. गाळ पुसून घेतला, पट्टी पाइप आणि सीलच्या मध्ये सरकवली आणि पाइपला धरून हळूहळू गोल फिरवली. बाहेर काढल्यावर आकड्यात काळा चिखल आणि दोन-तीन कण आले. तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा पट्टी स्वच्छ आली.

रेघ बंद झाली. खर्च शून्य. पाच आठवडे पाइप कोरडा राहिला आणि मला वाटलं संपलं सगळं.

ज्यांच्या गाडीला नुकतीच रेघ दिसायला लागलीय त्यांनी हे आधी करून बघाच. मात्र धातूची पट्टी किंवा ब्लेड तिथे चुकूनही घालू नका. ओठाला एक चरा पडला की सील कायमचं गेलं.

मे महिन्याच्या शेवटी रेघ परत आली आणि या वेळी खाली ओघळही होता. पट्टी फिरवली, पण कण निघाला नाही. शाळा १५ जूनला उघडणार होत्या. पावसाच्या आधी करून टाकू म्हणून २ जूनला एका गॅरेजमध्ये गाडी नेली. चाळीस मिनिटांत काम झालं. एकाच बाजूचं सील बदललं आणि उघड्या कॅनमधून अंदाजाने तेल ओतलं. घेतले ३५० रुपये. मी समोरच उभी होते, पण काय विचारायचं हेच मला माहीत नव्हतं. जुनं सील परत मागून घेतलं तेवढं बरं केलं. घरी येऊन ते दाबून बघितलं तर रबर चपलेच्या जुन्या तळव्यासारखं कडक झालेलं. पंधरा वर्षं ऊन, पाऊस आणि तेल सोसलेलं रबर तसं होणारच. सील जुनं होतं आणि बदललं, मग प्रश्न सुटला असं मी धरून चालले.

२४ जूनला, नवीन सील बसवून तीन आठवडे झाले असताना, त्याच बाजूला पुन्हा ओघळ.

त्या रात्री पहिल्यांदा मी पाइप नीट बघितला. ओसरीतला दिवा लावला, मोबाइलची बॅटरी तिरपी धरली आणि पाइपवरून वर-खाली नख फिरवलं. नख दोन ठिकाणी अडलं. पुढच्या बाजूला, डस्ट सीलपासून साधारण चार बोटांवर, तिळाएवढे दोन खळगे होते आणि त्यांच्या कडा किंचित उचललेल्या. पुसल्यावर फडक्यावर तांबूस डाग आला. क्रोमखालचं लोखंड गंजून वरचा पापुद्रा फुटला होता. नवीन सीलचा मऊ ओठ रोज शेकडो वेळा त्या कडांवरून घासत होता. किसणीवरून काकडी फिरवावी तसा.

गंज कुठून आला असेल ते अण्णांनीच सांगितलं. २०२० मध्ये गाडी कित्येक महिने पत्र्याखाली उभी होती. तोंड पश्चिमेला, म्हणजे पावसाची झड थेट पुढच्या चाकावर. चालत्या गाडीचा पाइप खाली-वर होताना स्वतःला तेलाचा हात लावून घेतो. उभ्या गाडीचा पाइप कोरडा पडतो आणि क्रोमच्या बारीक भेगांमधून पाणी आत जातं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पाइप पुसून त्यावर तेलाचं बोट फिरवून ठेवावं आणि अधूनमधून शॉकप दाबावा. आम्हाला हे तेव्हा ठाऊक असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

म्हणजे माझा मूळ प्रश्नच चुकीचा होता. मी सील कधी बदलायचं हे विचारत होते. आधी पाइप कसा आहे हे विचारायला हवं होतं. पाइप गुळगुळीत असेल तर सील हे किरकोळ काम आहे, आज करा नाहीतर पंधरा दिवसांनी. सील जिथे घासतं त्या पट्ट्यात खळगा असेल तर पाइपचं काही केल्याशिवाय टाकलेलं प्रत्येक सील वाया. खळगा त्या पट्ट्याच्या वर असेल, जिथे सील पोचतच नाही, तर त्याचा त्रास नाही. सील कुठपर्यंत पोचतं हे बघायला पाइपला खाली डस्ट सीलला टेकवून एक दोरा घट्ट बांधला आणि शाळेत जाऊन आले. दोरा वर सरकून जिथे थांबला तिथपर्यंत सीलचा प्रवास. माझे खळगे त्या हद्दीच्या बरेच आत होते.

याच सुमाराला दुसरी तारीख डोक्यावर होती. २१ ऑगस्टला गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत करता येतो, म्हणजे माझ्यासाठी २२ जूनपासून. उशीर झाला तर दर महिन्याला जादा शुल्क बसतं. मी २६ जूनला परिवहनच्या संकेतस्थळावर अण्णांच्या नावाने फॉर्म २५ भरला. नूतनीकरणाचे १,००० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० आणि वर थोडं टपालाचं. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पर्यावरण कर वेगळा लागतो, तो तेव्हा पुढच्या पाच वर्षांचा २,००० रुपये होता. विमा चालू होता, पीयूसी ५० रुपयांत नवीन काढली. आरसीवरचा मोबाइल नंबर अण्णांच्या जुन्या सिमचा होता आणि ओटीपी त्यावर जात होता. तो बदलण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तुमची गाडी वडिलांच्या नावावर असेल तर नंबर आधी तपासा, बाकीचं सोपं आहे. आरटीओतल्या तपासणीसाठी ६ ऑगस्ट ही तारीख घेतली.

म्हणजे माझ्याकडे सहा आठवडे होते. आता घाईने काम करायचं नव्हतं. अण्णांचे जुने मेस्त्री, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणते, त्यांच्याकडेच करायचं ठरवलं. फोन केला तर मामा म्हणाले, "बाळा, पालखी लोणंदला आली की मी निघतो. एकादशी झाल्यावर बघू. तोवर गाडी जपून चालव आणि तेल ब्रेकवर येतंय का ते रोज बघ. ब्रेकवर आलं की गाडीला किल्ली लावायची नाय."

हे शेवटचं वाक्य मी सीटखालच्या फडक्यासारखं कायम जवळ जपलं. रोज सकाळी निघायच्या आधी दोन्ही बाजूंचे पाइप पुसायचे, डिस्कच्या बाजूला कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाच्या, वरून बोट फिरवायचं. लीक डिस्क नसलेल्या बाजूला होतं म्हणून मी वाट बघण्याचा धोका पत्करला. तेल चाकाच्या त्या बाजूने ओघळून टायरकडे जाऊ नये म्हणून खालच्या नळीला वर जुनी सुती पट्टी गुंडाळली आणि रोज बदलली. हा उपाय नव्हे, नुसता टेकू. शॉकपही आता हलका लागत होता. स्पीडब्रेकरवर पुढून खट्ट असा आवाज यायचा.

११ जुलै, गुरुवार. दुपारपासून पाऊस. शाळा सुटल्यावर घाट उतरत होते, दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे एक एसटी. एसटीने वळणावर वेग कमी केला तसा मी पुढचा ब्रेक दाबला. लीव्हर नेहमीसारखाच कडक लागला, बोटांना काही वेगळं कळलं नाही, आणि गाडी मात्र थांबेना. साबण लावलेल्या हाताने दाराची मूठ फिरवावी तसं. मागचा ब्रेक आणि पहिला गिअर यांच्यावर गाडी आवरली. एसटीचा मागचा बंपर माझ्यापासून हातभर राहिला. अंगाला कापरं भरलं होतं. कडेला लावून दहा मिनिटं नुसती उभी राहिले.

आधी वाटलं पावसामुळे असेल, ओल्या डिस्कला पहिल्या दाबाला पकड कमी असतेच. पण पाण्याने असं झालं तर डिस्क एक-दोनदा पॅडला घासली की पकड परत येते. ती आली नाही. घरापर्यंत मागच्या ब्रेकवर, अगदी कडेने आले. घरी येऊन बघितलं तर डिस्कच्या बाजूच्या पाइपवर ओघळ होता. तेल खालच्या नळीवरून कॅलिपरवर आणि तिथून पॅडवर पोचलं होतं. डिस्कवर पाण्यात इंद्रधनुष्यासारखे रंग पसरले होते. सकाळी हीच बाजू कोरडी होती. जुनं, कडक झालेलं सील कदाचित त्याच दिवशी एखाद्या खड्ड्यात फाटलं असेल. एका बाजूचं सील गेलं तेव्हा दुसऱ्या बाजूचंही तेवढ्याच वयाचं होतं, हे मी २ जूनला लक्षात घ्यायला हवं होतं. सील बदलायची तर दोन्ही बाजूंची.

दुसऱ्या दिवसापासून एसटीने शाळेत गेले. सव्वा आठवड्याचा तो प्रवास त्रासाचा होता, पण किल्लीला हात लावला नाही.

२० जुलैला मामांचं गॅरेज उघडलं. २१ ला रविवारी शेजारच्या मुलाला मदतीला घेऊन गाडी ढकलत नेली. मामांनी पहिल्यांदा पाइप पुसला, डोळे मिटले आणि अंगठ्याने पाइप वरपासून खालपर्यंत चाचपला. "हितं हाय," म्हणाले. माझ्या खळग्यांवरच बोट होतं.

काम मी शेजारी स्टूल टाकून पूर्ण बघितलं. ज्यांना स्वतः करायचं नाही त्यांनीही बघावं, म्हणजे काय विचारायचं ते कळतं. गाडी डबल स्टँडवर आणि इंजिनखाली लाकडाचा ठोकळा. चाक काढायच्या आधी मामांनी शॉकपच्या डोक्यावरचे बोल्ट ढिले केले, कारण नळी हातात आल्यावर ते सुटत नाहीत. कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला. ब्रेकच्या तेलाच्या नळीवर, म्हणजे होजवर, लोंबू दिला नाही. मग चाक, मडगार्ड आणि एकेक शॉकप खाली ओढून काढला.

तेल ओतलं तेव्हा वास आला, कुजकट माशासारखा. रंग राखाडी. दोन्ही बाजूंचं वेगवेगळ्या बाटल्यांत ओतून मी मापलं. या आकाराच्या गाड्यांना एका बाजूला साधारण दीडशे ते दोनशे मिली तेल असतं, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघायचा. डिस्कच्या बाजूला निम्म्याहून कमी निघालं. दुसऱ्या बाजूला, जिथे जूनमध्ये अंदाजाने ओतलं होतं, तिथे तीन आठवडे गळूनही त्याहून बरंच जास्त होतं. शॉकपच्या दोन पायांत तेलाची दोन वेगळी मापं घेऊन मी घाट चढत-उतरत होते.

खालचा ॲलन बोल्ट सुटल्यावर पाइप बाहेर आला. मामांनी दोन्ही पाइप काउंटरच्या काचेवर ठेवून लोटले. पाइप वाकडा असेल तर लोळताना खालून उजेडाची फट उघडझाप करते. दोन्ही सरळ निघाले. मग पाइप परत नळीत घालून आडवा हलवून बघितला, खेळ फार नव्हता. डिस्कच्या बाजूचा पाइप नखाला गुळगुळीत लागला. दुसऱ्याचे खळगे दिवसाउजेडी बघितले तर दोन नव्हते, पाच होते.

इथे खरा निर्णय होता. खळगे अगदी बारीक असतील तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून, फक्त उचललेल्या कडा मोडेपर्यंत, पाइपभोवती आडवा फिरवतात. उभा फिरवला तर ओरखड्यांतून तेलाला वाट मिळते. काहीजण खळगा एपॉक्सीने भरून घासतात. पाइप घासून त्यावर नव्याने क्रोमचा कडक थर चढवून, म्हणजे हार्ड क्रोम करूनही मिळतो, पण बाहेरगावी पाठवायचा, परत येईपर्यंत थांबायचं आणि काम चांगलं आलं की नाही ते बसवल्यावर कळणार. माझ्या हातात पंधरा दिवस होते. कंपनीचा नवीन पाइप मिळत होता. ज्या गाड्यांचे पाइप आता मिळत नाहीत त्यांना हार्ड क्रोमच बरा, आणि त्यांनी ते पावसाळ्याच्या बरंच आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवावं.

मी एक पाइप नवीन घ्यायचं ठरवलं. दुसरा ठेवला, कारण तो सरळ आणि गुळगुळीत होता. सील, डस्ट सील आणि तेल मात्र दोन्ही बाजूंना नवीन. मामांनी स्वस्तातली सीलही दाखवली. निम्म्या किमतीत होती, पण आतली स्प्रिंग बोटाने दाबल्यावर ढिली लागत होती. ती घेतली नाहीत. २२ ला पाइप मागवला, २६ ला आला, २८ जुलैला रविवारी जोडायला बसलो.

जोडताना तीन गोष्टी नीट बघाव्यात. सील पाइपवरून घालायच्या आधी पाइपच्या वरच्या कडेवर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळून तेल लावलं, म्हणजे धारदार कडेने ओठ कापत नाही. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. मग सीलवर जुनं सील ठेवून त्यावर योग्य मापाचा पीव्हीसी पाइप टेकवला आणि हलक्या हातोडीने सगळीकडून सारखं ठोकलं. आधी बद्द आवाज येतो आणि सील बुडाला टेकलं की तो टणक होतो. मामा थांबले, म्हणाले, "ऐकलंस?" सील जागेवर धरणारं वरचं तारेचं कडं, म्हणजे सर्क्लिप, खाचेत पूर्ण बसलं का ते सुईसारख्या टोच्याने गोल फिरवून तपासलं. ॲलन बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवीन टाकला. जुना परत टाकला तर खालून गळतं आणि बिचाऱ्या सीलवर आळ येतो.

तेल मी स्वतः मोजपात्राने ओतलं, पुस्तिकेतल्या ग्रेडचं, दोन्हीकडे सारखं. ओतून पाइप हळूहळू खाली-वर केला, बुडबुडे थांबल्यावर स्प्रिंग टाकली. चाक बसवून ॲक्सल आवळला, गाडी जमिनीवर घेऊन ब्रेक दाबून सात-आठ वेळा शॉकप दाबले आणि मग दोन्ही शॉकप वर धरणाऱ्या टी-चे बोल्ट शेवटचे आवळले, म्हणजे दोन्ही पाय एकमेकांना समांतर बसतात.

डिस्क पॅड नवीनच टाकले. पॅडने तेल प्यायलं की घासून किंवा पेट्रोलने धुऊन ते भरवशाचे होत नाहीत. घासून टाकू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. डिस्क ब्रेक क्लीनरने दोनदा पुसली.

खर्च असा झाला. पाइप १,४५०. दोन ऑइल सील आणि दोन डस्ट सील मिळून ३८०. तेल ३२०, पॅड २९०, वॉशर आणि किरकोळ ४०, मजुरी ७००. एकूण ३,१८० रुपये. जूनमध्ये गेलेले ३५० वेगळे. जूनमध्येच पाइपवरून नख फिरवलं असतं तर ते ३५०, पॅडचे २९० आणि ११ जुलैची संध्याकाळ, तिन्ही वाचलं असतं.

६ ऑगस्टला तपासणी. आरसी, विमा, पीयूसी, पावत्या आणि अर्जाची प्रत घेऊन सकाळी साडेदहाला पोचले. चेसिस नंबरवर साठलेली माती आदल्या रात्री घासून काढली होती, त्यामुळे पेन्सिलने ठसा लगेच उठला. नंबर हँडलच्या मानेवर असतो. घरून साफ करून न्या, तिथे पुष्कळजण चिंध्या शोधत होते. साहेबांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, नंबर प्लेट बघितली आणि थोडी गाडी चालवून पुढचा ब्रेक दाबायला सांगितला. दाबला. गाडी जागेवर उभी राहिली. शॉकप खाली बसला आणि एकदाच वर आला. इतके दिवस तो दोन-तीनदा हलत राहायचा. रांग धरून सगळं सव्वादोन तासांत झालं. नवीन कार्ड टपालाने तीन आठवड्यांनी आलं, पुढच्या पाच वर्षांचं.

त्यानंतर एक बदल केला. पाइपवर रबरी घडीचे बूट घातले, बुलेटला असतात तसे. चिखल थेट सीलवर येत नाही. पण बुटाच्या आत ओल साठून क्रोम गंजू शकतो, म्हणून महिन्यातून एकदा बूट वर सरकवून आत पुसते आणि नख फिरवते. पाऊसभर न उघडता ठेवायचे असतील तर बूट न घातलेलेच बरे.

सील कधी बदलायचं असं मैत्रिणी विचारतात तेव्हा मी किलोमीटरचा आकडा सांगत नाही, कारण माझी दोन सीलं एकाच गाडीवर, एकाच वयात, वेगळ्या कारणांनी गेली. आधी नख फिरवून या, म्हणते. पाइप गुळगुळीत आणि नुसती रेघ असेल तर पट्टी फिरवा आणि लक्ष ठेवा. पट्टी फिरवूनही ओघळ असेल तर त्याच महिन्यात दोन्ही बाजूंची सीलं. खळगा लागला तर आधी पाइपची सोय. आणि डिस्कच्या बाजूला तेल उतरलं तर गाडी तिथेच उभी, मग दुसऱ्या दिवशी परीक्षा असो की लग्न.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, गाडी पुन्हा धुतली. अण्णा खुर्ची घेऊन अंगणात बसले होते. बूट वर सरकवले तसे ते काठी टेकून उठले, वाकले आणि नवीन पाइपवरून अंगठा फिरवला. अंगठा उजेडात धरून बघितला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि हार आणायला मला आत पाठवलं.